देव शिकवावा कसा?

सणासुदीला घरात चार माणसे जमली, फराळाची ताटे बाजूला सरली आणि मंडळी अंमळ सैलावून बसली, की बोलणे हटकून मुलांवर येते. त्यांचे मार्क, त्यांचे हट्ट, त्यांचे खाण्यापिण्याचे नखरे; आणि मग कोणीतरी हळूच विचारते, “देवाधर्माचे काही शिकवता की नाही मुलांना?” ह्या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक गृहस्थ म्हणतात, “आम्ही काहीच शिकवत नाही बुवा. मोठा झाला म्हणजे त्याचे तो ठरवील.” दुसरे म्हणतात, “आईबापांनी नाही शिकवायचे, तर कोणी?” दोघेही प्रामाणिक असतात. वाद थोडा वेळ रंगतो, चहा येतो आणि प्रश्न तसाच राहतो.

हा प्रश्न कोणत्याही घरचा आहे; परंतु ख्रिस्ती घरात त्याला एक जास्तीचा पदर असतो. मी तशा घरात वाढलो. आमच्याकडे नाताळात करंज्या तळतात, आणि दिवाळीत शेजारच्या घरातून चकल्यांचा डबा येतो. मात्र आमच्या धर्मात शिकवण्याची आज्ञाच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांना शिकवण्यासाठी धाडले, ह्यावर होतो. म्हणजे आपल्या मुलांना तर शिकवायचेच, पण दुसऱ्यांनाही. ही दोन कामे आपण एकाच शब्दात बोलतो आणि ती एकच आहेत असे धरून चालतो. खरोखरच ती एक आहेत काय? आणि नसली, तर त्यांतले अधिक जोखमीचे कोणते?

आधी त्या पहिल्या गृहस्थांकडे वळू. मुलाला काही न शिकवता वाढवले, तर ते पुढे मोकळ्या मनाने निवड करील, ही कल्पना ऐकायला फार उदार वाटते. पण मी शाळामास्तर आहे, मराठी शिकवतो. कोणत्याही आईने मुलाला असे म्हटलेले मी ऐकले नाही की, “बाळ, तुझ्यावर कोणतीही भाषा लादायची नाही, अठरा वर्षांचा झालास की तुझी तू निवड.” तसे कोणी केले, तर त्या मुलाला अठराव्या वर्षी निवड करायला लागणारे शब्दसुद्धा मिळणार नाहीत. मातृभाषा ही न विचारता दिलेली देणगी आहे, आणि तिच्याच जोरावर माणूस पुढे दुसऱ्या भाषा शिकतो. श्रद्धेचेही बरेचसे असेच आहे. शिवाय, काहीच शिकवत नाही असे म्हणणारे घरदेखील शिकवतच असते. बाप दारात आलेल्या माणसाशी कसा बोलतो, आई मोलकरणीला पाणी कोणत्या पेल्यातून देते, मेलेल्या माणसाविषयी घरात काय बोलले जाते, पैशाचे नाव निघाले की आवाज कसा बदलतो, हे सारे मूल टिपत असते. घर कधी गप्प बसत नाही. तेव्हा शिकवायचे की नाही, हा प्रश्न मुळात आपल्या हातातलाच नाही. कसे, हा आहे.

पण दुसऱ्या गृहस्थांनी लगेच खूश होऊ नये. पाढे शिकवणे आणि श्रद्धा शिकवणे ह्यांत एक अंतर आहे. बारा सत्ते चौऱ्याऐंशी हे मुलाला पटो वा न पटो, चौऱ्याऐंशीच राहतात. आणि त्याला ते आले की नाही, हे मला पाटीवर पाहता येते. विश्वासाचे तसे नाही. प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हणणारे मूल विश्वास ठेवते आहे, की आईला बरे वाटावे म्हणून म्हणते आहे, हे कोणत्याही परीक्षेत कळणार नाही. श्रद्धा शिकवणारा एवढेच करू शकतो, की ती समोर ठेवावी. उचलायची की नाही, हे शिकणाऱ्याच्या हाती.

आपल्या मुलाला शिकवणे आणि दुसऱ्याला शिकवणे ह्या दोन कामांतला पेच महाराष्ट्रात एका बाईने जितका पुरता भोगला, तितका क्वचितच कोणी भोगला असेल. पंडिता रमाबाई. त्यांच्या बालविधवांच्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यांच्या आयुष्यातल्या तीनच गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो.

पहिली गोष्ट लहानपणची. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले होते. आणि त्या माउलीने, घरची कामे सुरू होण्याआधी, पहाटेच्या वेळी मुलीला जवळ घेऊन पुराणे शिकवली. पुढे दुष्काळात आईबाप गेले. आईबापांनी दिलेल्या विद्येच्या जोरावर ह्या मुलीला १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. आणि त्याच विद्येच्या जोरावर तिने शास्त्रांना प्रश्न विचारले व शेवटी आईबापांचा धर्म सोडला. मग अनंतशास्त्र्यांचे शिकवणे फुकट गेले म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. ज्याने मुलीला केवळ आज्ञा पाळायला शिकवले असते, त्याची मुलगी कदाचित घरच्या धर्मात राहिली असती. पण ती रमाबाई झाली नसती. चांगल्या शिकवण्यात हा धोका असतोच. तो धोका ज्याला नको, त्याने शिकवू नये, पढवावे.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली. १८८३ साली रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन तेथे गेल्या आणि वाँटेज गावच्या जोगिणींच्या मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मठातल्या सिस्टर जेराल्डीन ह्यांचा त्या दोघींवर फार जीव होता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पण पुढे दोघींत तीव्र मतभेद झाले. त्रैक्याचा सिद्धान्त आणि तशी आणखी काही मते रमाबाईंच्या बुद्धीला अजून पटली नव्हती; आणि जे आपल्याला पटलेले नाही, ते आपल्या मुलीला अंतिम सत्य म्हणून पढवले जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. सिस्टरना तो अहंकार वाटला. चर्चने जे शतकानुशतके मानले, ते एका नवख्या बाईला पटेपर्यंत लेकराने थांबायचे की काय? हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने छापला. तो वाचताना दोन्ही बायकांविषयी आदर वाटतो आणि दोघींची कीवही येते. ज्या धर्मात आलो, त्याच धर्माच्या माणसांना परक्या देशात, त्यांच्याच छपराखाली राहून, “माझ्या मुलीला काय शिकवायचे ते मला विचारा,” असे सांगणे ही लहानसहान गोष्ट नव्हती.

तिसरी गोष्ट पुण्याची. रमाबाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. पैसा अमेरिकेतल्या मित्रांचा होता. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे ठरले होते. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखी माणसे होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. गावात बोभाटा झाला, ‘केसरी’ने कडक टीका केली, १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावत नाही आणि कोणाला हाकलतही नाही. माझ्या खोलीत मी माझ्या देवाची प्रार्थना करते, तिच्यासाठी दार लावून घेणार नाही.

आता ह्या दोन गोष्टी समोरासमोर ठेवून पाहा. वाँटेजला ज्या आईने म्हटले होते, की मला विचारल्यावाचून माझ्या मुलीला शिकवू नका, तिलाच आठ-दहा वर्षांनी पुण्याचे पालक तेच सांगत होते! मग रमाबाई तेव्हा चुकल्या, की आता?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. पालकांच्या बाजूने बोलायचे, तर त्यांनी विश्वासाने मुली धाडल्या होत्या आणि तटस्थतेचा शब्द त्यांना मिळाला होता. रमाबाईंच्या बाजूने बोलायचे, तर ह्या मुलींपैकी कितीतरी बालविधवा होत्या. त्यांच्या केसांचा, कपड्यांचा आणि जेवणाचा निर्णय घेणाऱ्या घरांनी त्यांच्या मनाची चौकशी कधी केली होती? आणि घरातल्या मालकिणीने स्वतःच्या श्रद्धेची चोरी करावी, हेही काही प्रामाणिकपणाचे शिक्षण नव्हे. दार लावून घेतले असते, तर मुली एवढेच शिकल्या असत्या, की देवाचे नाव लपून घ्यायचे असते.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. दार उघडे होते हे खरे. पण आत बसलेली बाईच त्यांना जेवू घालत होती. जिच्या हातचे अन्न खायचे, जिच्याखेरीज जगात कोणी विचारणारे नाही, तिच्या खोलीत शिरणारी दहाबारा वर्षांची पोर देवाच्या ओढीने शिरते, की बाईच्या मायेच्या ओढीने? तिला स्वतःला तरी हे कळते काय? ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा आपल्याकडे जुना आहे. टोमणा क्रूर आहे, कारण उपाशी माणसालाही मन असते, आणि आपल्याला माणूस म्हणून प्रथम कोणी वागवले, ते त्याला नेमके कळते. पण त्या टोमण्यात शिकवणाऱ्याला उद्देशून एक इशारा आहे, तो घ्यावा. हातात भाकरी असेल, तेव्हा तोंड जपून चालवावे. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या घटनेने पंचविसाव्या कलमात धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य दिले, आणि अठ्ठाविसाव्या कलमात सरकारी मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत मुलाला पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसवता येणार नाही, असेही सांगितले. रमाबाईंचे उघडे दार आणि पालकांची तक्रार, दोन्हींची बूज तेथे राखली गेली आहे.

आणि दार उघडे होते ह्याची एक साक्षही आहे. शारदासदनातल्या सर्वांत आधीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. ती तेथे शिकली, हिंदूच राहिली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. ज्या दारातून आत जाता येते, त्याच दारातून शिकूनसवरून, मान ताठ ठेवून बाहेरही येता येते, हे तिने दाखवले. माझ्या मते शिकवणाऱ्याची पारख ह्यावरच व्हावी. किती आले, हे मोजणारे पुष्कळ असतात. न येणाऱ्यांना कसे वागवले, ते पाहावे.

दार बंद करून शिकवण्याचे प्रकारही ख्रिस्ती इतिहासात घडले आहेत, आणि ते आम्ही ख्रिस्ती लोकांनीच आधी सांगावे हे बरे. १५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्यात हुकूम निघाला, की आईबाप, आजाआजी नसलेली हिंदूंची अजाण मुले जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांना ख्रिस्ती करावे. रमाबाई जन्मल्या त्याच १८५८ साली, इटलीत बोलोन्या शहरी, एदगार्दो मोर्तारा नावाचा सहा वर्षांचा ज्यू मुलगा पोपच्या राज्यातल्या पोलिसांनी आईबापांच्या घरातून नेला. कारण तो तान्हा असताना आजारी पडला, तेव्हा मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. ख्रिस्ती झालेले मूल ज्यू घरात वाढता कामा नये, हा कायदा! तो मुलगा पुढे पाद्री झाला आणि १९४० साली वारला. नेणाऱ्यांना वाटले असेल, की पाहा, आम्ही त्याचे कल्याणच केले. पण त्याच्या आईला ते कोण समजावणार? ह्या माणसांचे हेतू वाईट होते, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. त्यांचे हेतू चांगले होते, हीच ह्यातली भयंकर गोष्ट आहे. त्याच चर्चने १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, धर्माच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये, असे जाहीर केले. पण तोवर मधली शतके गेली.

त्याच गोव्यात दुसरी रीतही दिसते. टॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली तेथे आला, लोकांची भाषा शिकला, आणि १६१६ साली ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापून मोकळा झाला. त्या काळची सत्ता काही सौम्य झाली नव्हती. परंतु ह्या माणसाने दुसऱ्याला शिकवण्याआधी दुसऱ्याकडून शिकून घेतले, हे नाकबूल करता येत नाही. ज्याला माझी भाषा शिकण्याची गरज वाटली, त्याने मला निदान माणूस मानले. दुसऱ्यांना धर्म शिकवू पाहणाऱ्याने पहिली काही वर्षे विद्यार्थी म्हणून काढावीत, हा नियम वाईट ठरणार नाही.

एवढे सगळे दुसऱ्यांना शिकवण्याविषयी झाले. आणि येथेच मला जे सांगायचे आहे ते येते. दुसऱ्यांना शिकवताना आपण जी काळजी घेतो, निदान घ्यावी असे म्हणतो, ती आपल्या मुलांच्या बाबतीत घेण्याची कल्पनाही कोणाला सुचत नाही. “मूल आमचे आहे,” एवढे म्हटले की संपले. पण नीट पाहा. रस्त्यावरच्या प्रवचनाला उभा असलेला माणूस कंटाळला, तर चालू लागतो. प्रौढ विद्यार्थी वाद घालतो. आपले मूल कोठे जाईल? भाकरी आपल्या हातात, अंथरूण आपल्या घरात, माया आपली, रागही आपलाच. शारदासदनातल्या मुलीविषयी जी शंका आपण घेतली, ती आपल्या घरातल्या मुलाविषयी दसपटीने खरी आहे. म्हणून मला असे वाटते, की परक्याला शिकवताना जितका संयम पाहिजे, त्याहून अधिक आपल्या लेकराला शिकवताना पाहिजे. हक्क अधिक आहे, म्हणूनच संयमही अधिक.

बायबलमधल्या दोन गोष्टी ह्या बाबतीत मला मार्गदर्शक वाटतात. एक धनवान तरुण येशूकडे आला. येशूची त्याच्यावर माया जडली, असे मार्क लिहितो. पण सर्वस्व सोडण्याची अट ऐकून तो खिन्न होऊन निघून गेला. आणि येशूने त्याला हाक मारली नाही, अट सैल केली नाही, भीती घातली नाही. जाऊ दिले. ही झाली दुसऱ्याला शिकवण्याची गोष्ट. दुसरी घरातली, उधळ्या पुत्राची. मुलगा वाटणी मागतो. बाप भला, पण त्याने मुलाला कोंडून ठेवले नाही. वाटणी दिली, जाऊ दिले, आणि मुलगा दूर असतानाच त्याला ओळखता येईल इतकी नजर वाटेवर ठेवली. प्रवचनांत ह्या गोष्टीतल्या परत येण्याचे फार कौतुक होते. मला बापाने जाऊ दिले त्याचेही तेवढेच मोल वाटते. कोंडून ठेवलेला मुलगा परत येऊ शकत नाही.

तर मग घरात करायचे काय? माझ्या परीने सांगतो. मुलाला प्रार्थना शिकवावी, गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, देवळात बरोबर न्यावे. हे सारे भाषेसारखे मोकळ्या हाताने द्यावे. पण देवाला पोलीस करून मुलाच्या मागे लावू नये. ज्या घरात नरकाची भीती दूध पिण्यासाठी वापरली जाते, तेथे मोठेपणी दूधही सुटते आणि देवही. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसले, तर ठाऊक नाही म्हणावे. जे आपल्यालाच पटलेले नाही ते त्याच्या गळी उतरवू नये. रमाबाईंनी वाँटेजला धरलेला आग्रह एवढाच तर होता. आणि शेजारचे लोक काय मानतात, का मानतात, हे त्यांच्यासमोर जसे सांगू, तसेच त्यांच्या पाठीमागेही सांगावे. दुसऱ्याच्या देवाची टिंगल करून आपल्या देवाची गोडी लावता येत नाही. घरात टिंगल ऐकलेले मूल टिंगल तेवढी शिकते, आणि एक दिवस ती आपल्याच देव्हाऱ्याकडे वळवते.

शेवटची गोष्ट धीराची. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. पण आपल्याला ख्रिस्त खऱ्या अर्थाने त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कविवर्य नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या काळात त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही आपले सोवळेओवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद माणसांनी केला की देवाने, ह्याचा विचार त्यांनी आपल्याच डोक्याने केला, आणि मगच पाऊल टाकले. ‘स्मृतिचित्रे’त त्या प्रवासाचे वर्णन वाचताना घाई करणारा कोणीही शिक्षक तेथे किती निरुपयोगी ठरला असता, हे जाणवते. पंडिता म्हणून नावाजलेल्या बाईला आठ वर्षे, कवीच्या पत्नीला पाच. आणि आपण दहा वर्षांच्या पोराकडून नाताळपर्यंत पक्का विश्वास मागतो!

मनोरमा मोठी झाली आणि आईच्या खांद्याला खांदा लावून मुक्तिसदनात काम करू लागली. जुलै १९२१ मध्ये ती वारली. पुढच्या एप्रिलात रमाबाईही गेल्या. तिने आईचा मार्ग धरला, म्हणून आईचे शिकवणे यशस्वी झाले, असे मी म्हणणार नाही. त्या हिशेबाने अनंतशास्त्री नापास ठरतील, आणि ते मला मान्य नाही. पहाटे मुलीला उठवून जवळ घेणारी ती माउली, आणि उघड्या दाराच्या खोलीत मुलीसह हात जोडणारी ही माउली, दोघींनी आपल्याजवळचे सर्वांत मोलाचे जे होते, ते मुलीपुढे ठेवले. एकीच्या मुलीने ते सोडले, दुसरीच्या मुलीने ते धरले. देणाऱ्यांच्या हाती देणे तेवढे होते, आणि ते दोघींनीही पुरते केले.